दुसरी आलेली

एडमंटन, ऑगस्ट २००१. जागतिक मैदानी स्पर्धेत बायकांच्या पाच हजार मीटरची प्राथमिक फेरी चालू होती. प्रेक्षकांत बसलेल्या ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने एक फलक उंचावला. ईपीओ घेणाऱ्या लबाडांना बाहेर काढा, असा त्याचा अर्थ. रोख रशियाच्या ओल्गा येगोरोवावर. महिन्याभरापूर्वी पॅरिसला तिच्या लघवीच्या नमुन्यात ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं द्रव्य, सापडलं होतं, पण सोबत रक्ताचा नमुना घ्यायला हवा होता तो घेतलाच नव्हता. एवढ्यावर प्रकरण बारगळलं आणि ती धावायला मोकळी झाली. अधिकाऱ्यांनी पॉलाच्या हातातला फलक काढून घेतला. अंतिम शर्यत येगोरोवाने जिंकली, तीही प्रेक्षकांच्या हुर्योत. रौप्य स्पेनच्या मार्ता डोमिंगेझला मिळालं. पुढे २००८ मध्ये लघवीचे नमुने बदलल्याच्या प्रकरणात येगोरोवा अडकली. डोमिंगेझवर २०१५ मध्ये रक्ताच्या नोंदींवरून बंदी आली.

त्या दिवशी हुर्यो करणारे फार चुकले नव्हते. हे आधी कबूल करून मग पुढचं लिहायला हवं, कारण ‘खेळाडूवर संशय घेणं म्हणजे खेळाचा अपमान’ असं म्हणणारे लोक हा इतिहास सोयीने विसरतात.

*

त्याच पॉलाची पाळी २०१५ मध्ये आली. ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे उत्तेजकांविषयी सुनावणी चालू होती. लंडन मॅरेथॉनच्या विजेत्यांमधल्या ब्रिटिश खेळाडूंवरही संशय असू शकतो, असं अध्यक्षांच्या बोलण्यात येऊन गेलं. नाव घेतलं नव्हतं, पण अशा ब्रिटिश विजेत्या असून असून किती असणार? पॉलाला स्वतःहून पुढे येऊन आरोप नाकारावा लागला. तिच्या रक्ताचे जुने आकडे चव्हाट्यावर आले. त्यातला एक २००३ चा, पोर्तुगालमध्ये कडक उन्हात अर्धमॅरेथॉन धावून झाल्यावर लगेच घेतलेला. उन्हात एवढं धावल्यावर अंगातलं पाणी घामावाटे जातं, रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून जास्त दिसतं. उंचावर सराव केल्यानेही ते वाढतं. मैदानी खेळांच्या जागतिक महासंघाने त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर केलं की हे आरोप अपुऱ्या माहितीचा चुकीचा अर्थ लावून केलेले आहेत.

मला तो निर्वाळा पटतो. तरीही लंडनला २००३ मध्ये तिने केलेल्या २:१५:२५ या वेळेचा विषय निघाला की आजही कोणीतरी भुवई उंचावतंच. सोळा वर्षं टिकलेला विक्रम होता तो. निर्दोष ठरण्याची बातमी आरोपाच्या बातमीइतकी लांब जात नाही.

*

आता चीनच्या वांग जुन्शियाबद्दल. बीजिंग, सप्टेंबर १९९३, चीनची राष्ट्रीय स्पर्धा. दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम तोवर नॉर्वेच्या इन्ग्रिड क्रिस्टियानसेनच्या नावावर होता, ३०:१३.७४. वांग २९:३१.७८ मध्ये धावली. जवळजवळ ४२ सेकंद एका फटक्यात. पाच दिवसांनी तीन हजार मीटर ८:०६.११ मध्ये; तिथेही जुन्या विक्रमातून सोळा सेकंद कापले. प्रशिक्षक मा जुन्रेन सांगायचा, मुली कासवाचं रक्त पितात आणि अळीवर उगवणारी औषधी बुरशी खातात. जगातल्या किती जणांचा यावर विश्वास बसला असेल?

मला या गोष्टीत विक्रमापेक्षा मुली दिसतात. मा त्यांना मारायचा, बक्षिसांचे पैसे स्वतःच्या हातात ठेवायचा. डिसेंबर १९९४ मध्ये बहुतेक जणी त्याला सोडून निघून गेल्या. २०१६ मध्ये चिनी माध्यमांत एक पत्र प्रसिद्ध झालं. वांग आणि तिच्या सोबतिणींनी १९९५ मध्ये लिहिलेलं, असं त्याविषयी सांगितलं गेलं. आम्हाला जबरदस्तीने औषधं दिली गेली, अशी त्यात तक्रार होती. पत्र खरं असेल तर या मुलींना आपण ‘फसवणाऱ्या’ म्हणायचं की ‘फसवल्या गेलेल्या’? बाहेरून बोट दाखवणाऱ्या आम्हा प्रेक्षकांनी हा प्रश्न तेव्हा विचारला नव्हता.

तीन हजार मीटरचा तो विक्रम तीन दशकं उलटली तरी तसाच आहे.

*

दहा हजारचा मात्र मोडला. रिओ ऑलिम्पिक, १२ ऑगस्ट २०१६, इथिओपियाची अल्माझ अयाना, २९:१७.४५. शर्यत संपते न संपते तोच संशय सुरू झाला. त्याच शर्यतीत धावलेल्या एका स्वीडिश खेळाडूने आपला विश्वास बसत नाही असं उघड सांगितलं. अयानाने सराव आणि येशू यांच्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर काय झालं ते पाहा. जून २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या हेंगेलोत सिफान हसन २९:०६.८२. दोनच दिवसांनी, त्याच ट्रॅकवर, लेतेसेनबेत गिडे २९:०१.०३. मे २०२४ मध्ये युजीनला बिआट्रिस चेबेट २८:५४.१४. अयाना कधीही चाचणीत सापडलेली नाही. मधल्या काळात बुटांच्या तळव्यात कार्बनची पट्टी आली, हलका उसळता फोम आला, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे आले. नुसत्या वेळेवरून कोणाला दोषी ठरवायचं झालं तर आज यादी करायची तरी कुठवर?

*

बायकांवर संशय जास्त का, याला एक शरीरशास्त्रीय कारण आहे आणि ते टाळू नये. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुळात कमी. त्यामुळे बाहेरून दिलेल्या थोड्याशा स्टेरॉइडनेही तिच्या कामगिरीत पुरुषापेक्षा मोठा फरक पडतो. १९८३ मध्ये म्युनिकला यार्मिला क्राटोखविलोवाने ८०० मीटरमध्ये नोंदवलेली १:५३.२८ ही वेळ अजून कोणी मागे टाकलेली नाही. ती कधी चाचणीत सापडली नाही, आणि तिच्याविषयी कुजबुज कधी थांबलीही नाही.

पण त्या कुजबुजीत तिच्या दंडांविषयी, चेहऱ्याविषयी, चालण्याविषयी जे बोललं गेलं त्याचा विज्ञानाशी काही संबंध नव्हता. आपल्याकडे शांती सौंदरराजन. तमिळनाडूतल्या खेड्यातली मुलगी, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकली, आणि लिंगचाचणीनंतर पदक गेलं. तिने कुठलंही औषध घेतलं नव्हतं. पुरुष धावपटू फार वेगाने धावला तर ‘काय घेतो?’ एवढंच विचारतात. बाईला पुढचा प्रश्नही विचारला जातो, ‘ही बाई आहे का?’

*

चाचणी कशी होते हे शंका घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं. वरच्या दर्जाच्या धावपटूने वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी आपण कुठे असू हे आधी कळवायचं, आणि रोजचा एक तास ठरवून द्यायचा. त्या तासाला ती तिथे हवीच. बारा महिन्यांत तीनदा चुकली तर बंदी. तपासनीस दारात आले की नमुना होईपर्यंत खेळाडू नजरेआड होता कामा नये. लघवी किमान ९० मिलिलिटर हवी, आणि ती बाहेर पडताना तपासनीस बाईने समोर उभं राहून पाहायची. कपडे वर-खाली सरकवून. पाळी चालू असो, बाळंतपणानंतरची पहिली शर्यत असो, वय अठरा असो. खेळ स्वच्छ राहावा म्हणून हजारो मुली हे निमूट सहन करतात. जी काही घेत नाही तिलाही यातून सुटका नाही.

एवढं करूनही ईपीओचे अगदी छोटे डोस थोड्या तासांत चाचणीच्या पकडीबाहेर जातात. म्हणून तर २००९ पासून रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं जोडून पाहण्याची पद्धत आली, जैविक पासपोर्ट म्हणतात तो. एकच नमुना फसवू शकतो. पाच वर्षांच्या नोंदींत हिमोग्लोबिन कधी चढलं, नव्या तांबड्या पेशी अचानक कधी घटल्या, ते तज्ज्ञांना दिसतं.

*

आणि दिसूनही झाकलं जातं! रशियाची लिलिया शोबुखोवा, २००९ ते २०११ सलग तीनदा शिकागो मॅरेथॉन जिंकलेली. तिच्या पासपोर्टमधल्या गडबडी दडपण्यासाठी साडेचार लाख युरो वसूल केले गेले. ती २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला उभीही राहिली. २०१४ च्या डिसेंबरात जर्मन दूरचित्रवाणीने हे उघड केलं. अशी प्रकरणं पैसे घेऊन दडपल्याबद्दल जागतिक महासंघाचे माजी अध्यक्ष लामिन डियाक यांना पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये शिक्षा ठोठावली.

प्रेक्षकांच्या संशयाला ‘जळकेपणा’ म्हणणाऱ्यांपुढे मी हेच प्रकरण ठेवीन. पहारेकरीच पैसे खात असताना विश्वास ठेवा असं सांगायचा अधिकार कोणाला उरतो?

*

रिओच्या बायकांच्या मॅरेथॉनमध्ये सुवर्ण केनियाच्या जेमिमा सुमगाँगला, रौप्य बहारीनच्या युनिस किरवाला. स्टीपलचेसचं सुवर्ण बहारीनच्याच रूथ जेबेटला, ८:५९.७५. पुढच्या काही वर्षांत तिघीही ईपीओ प्रकरणी सापडल्या. सुमगाँगने तर बचावासाठी दवाखान्याची खोटी कागदपत्रं दिली आणि बंदी चारावरून आठ वर्षांवर गेली. तिन्ही पदकं आजही त्यांच्याच नावावर आहेत, कारण सापडलेले नमुने रिओनंतरचे.

जेबेटच्या त्या अंतिम शर्यतीत साताऱ्याची ललिता बाबर होती. माण तालुक्यातल्या मोहीची. प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोचली होती. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिम्पिक अंतिम शर्यतीत उतरलेली ती पहिली भारतीय. दहावी आली. तिला नववी म्हणायचा मोह मला होतो. पण रिओतल्या त्या दिवशी जेबेटच्या अंगात काय होतं हे कोणी सिद्ध केलेलं नाही. तेव्हा दहावीच.

असं लिहिताना हात जड होतो.

*

१३ ऑक्टोबर २०२४, शिकागो. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजले असताना शर्यत सुटली. केनियाच्या रूथ चेपन्गेटिचने पहिले पाच किलोमीटर बरोबर १५ मिनिटांत काढले, अर्धं अंतर ६४:१६ मध्ये. हे सुरुवातीचं वेडं धाडस आहे, ती शेवटी कोलमडणार, असंच पाहणाऱ्याला वाटावं. ती कोलमडली नाही. २:०९:५६. दर किलोमीटरला तीन मिनिटं पाच सेकंद, बेचाळीस किलोमीटरभर. आदल्या वर्षी बर्लिनला तिगिस्त असेफाने २:११:५३ केले तेव्हाच जग थक्क झालं होतं. त्यातूनही जवळजवळ दोन मिनिटं कमी. दोन तास दहा मिनिटांच्या आत धावलेली पहिली बाई.

पत्रकार परिषदेत एका अमेरिकन पत्रकाराने विचारलं, ही वेळ खरी वाटू नये इतकी चांगली आहे असं काहींना वाटेल, त्यांना काय सांगाल? लोक बोलणारच, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. त्या पत्रकारावर मोठी टीका झाली. बाईच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण, आणि हा प्रश्न? वर्णद्वेषाचाही आरोप झाला.

मला तो प्रश्न योग्य वाटतो. दोष एवढाच की तो तिला एकटीला विचारला गेला. तिच्या शेजारी तिचे व्यवस्थापक, तिचे प्रायोजक, चाचण्या करणाऱ्या संस्थेचा माणूस असे सगळे बसलेले हवे होते. तिचा सराव कोण घेतं, औषधपाणी कोण बघतं, गेल्या वर्षभरात तिचे किती नमुने घेतले, याची उत्तरं त्यांनी द्यायची होती. ईपीओमध्ये सापडलेल्या रिटा जेप्टू आणि सुमगाँग, आणि चेपन्गेटिच या तिघींचं काम इटलीतल्या एकाच एजन्सीकडे होतं. एजन्सीवर दोष सिद्ध झालेला नाही, आणि मीही तो ठेवत नाही. पण प्रश्न तिथवर पोचायला नको का?

*

पाच महिन्यांनी, १४ मार्च २०२५ ला घेतलेल्या नमुन्यात, चेपन्गेटिचच्या लघवीत हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. तिच्यात अंदाजे ३,८००.

हे औषध आपल्या घराघरांत आहे. रक्तदाबाच्या ज्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असतो, त्यातला ‘एच’ बहुतेकदा याचाच. लघवी वाढवणारं. त्याने वेग वाढत नाही. लघवी पातळ होऊन दुसरी द्रव्यं झाकली जाऊ शकतात, म्हणून बंदी. २० ची मर्यादाही विचार करून ठेवलेली आहे. गोळ्यांच्या कारखान्यात एका औषधाची पूड दुसऱ्यात मिसळते, त्यात निरपराध माणूस सापडू नये म्हणून. १९० पट मात्रा मात्र पुडीच्या कणाने येत नाही.

आधी तिला काहीच खुलासा देता येईना. मग तिने कळवलं की बरं नव्हतं तेव्हा मोलकरणीची गोळी घेतली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने गुन्हा मान्य केला आणि तीन वर्षांची बंदी लागली. तिच्या फोनमध्ये संशय वाढवणारा मजकूर मिळाल्याचं तपास करणाऱ्या संस्थेने सांगितलं आणि चौकशी चालू ठेवली. मार्च २०२५ च्या आधीचे निकाल कायम राहिले, शिकागोचाही.

शंका घेणाऱ्यांनी गुलाल उधळला. मला उधळावासा वाटला नाही. मार्चमधला नमुना ऑक्टोबरच्या शर्यतीचा पुरावा होत नाही. पण त्या विक्रमाकडे आता कोणी निखळ आनंदाने पाहू शकणार नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगाव्या लागतात.

*

केनियातल्या इटेनविषयी. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरचं गाव, जगातले कित्येक नावाजलेले धावपटू तिथे सराव करून गेलेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्याच आपल्या घरात ॲग्नेस टिरोपचा खून झाला. पंचवीस वर्षांची. महिन्यापूर्वीच तिने फक्त बायकांच्या दहा किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला होता, ३०:०१. आरोपी तिचा नवरा.

उत्तेजकांशी तिच्या मृत्यूचा संबंध नाही. मी तो इथे टिपतो तो दुसऱ्या कारणाने. मुलगी धावते, पैसे मिळवते, आणि तिच्याभोवती नवरा, प्रशिक्षक, दलाल अशी पुरुषांची फळी उभी राहते. जमीन कोणाच्या नावावर घ्यायची ते ठरवतात. कुठली शर्यत धावायची तेही. इंजेक्शन कोणतं घ्यायचं हे तरी दर वेळी तीच ठरवत असेल का? बंदीच्या यादीत नाव मात्र जवळजवळ नेहमी तिचं एकटीचं.

*

आता जिचं नाव कोणी घेत नाही ती.

बुझुनेश डेबा, मूळची इथिओपियाची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहणारी. २०१४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २:१९:५९ वेळ देऊन दुसरी. पहिली रिटा जेप्टू. सप्टेंबरात जेप्टू ईपीओमध्ये सापडली. क्रीडा लवादाने २०१६ मध्ये बंदी चार वर्षांवर नेली आणि बोस्टनचं विजेतेपद काढून घेतलं. डेबा विजेती ठरली, तिची वेळ त्या मार्गावरचा विक्रम ठरली. पैसे मात्र आले नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसातला फरक ७५ हजार डॉलरचा. जेप्टूकडून वसूल झाल्याशिवाय देता येणार नाहीत, असं उत्तर मिळत राहिलं. वर्षं गेली. डेबाला मुलं झाली, दुखापती झाल्या, धावण्यातली उमेदीची वर्षं सरली. शेवटी २०२४ मध्ये तिची हकिकत वर्तमानपत्रात वाचून एका अनोळखी गृहस्थाने ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. त्यानंतर संयोजकांनी अशा खेळाडूंना भरपाई द्यायची योजना आखली.

बॉयलस्टन रस्त्यावर अंतिम रेषा ओलांडताना ज्या टाळ्या तिच्या वाट्याच्या होत्या त्या जेप्टूने घेतल्या. त्यांची भरपाई कोणत्या योजनेत बसते?

एडना किप्लागाटचंही तसंच. २०२१ चं बोस्टन डायना किप्योकेईने जिंकलं, नंतर ती सापडली, आणि वयाच्या जवळजवळ बेचाळिसाव्या वर्षी धावलेल्या एडनाला विजेतेपद मिळालं ते पुढच्या वर्षी.

*

आपल्या अंगणात. २०२३ मध्ये भारताने साडेपाच हजारांहून अधिक नमुने तपासले आणि त्यातले सुमारे ३.८ टक्के दोषी निघाले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. तपासण्या वाढल्या म्हणून आकडा वाढला, असा बचाव केला जातो. प्रमाण टक्क्यात असताना हा बचाव टिकत नाही.

नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१९ च्या दोहा आशियाई मैदानी स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं होतं. प्रोबेनेसिड या झाकणाऱ्या द्रव्यामुळे दोन वर्षांची बंदी आली आणि ते पदक गेलं. बंदी संपल्यावर ती परत धावायला लागली. शिक्षा भोगून आलेल्या बाईला ट्रॅकवर धावू द्यावं, टाळ्याही वाजवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. बंदीची मुदत नियमात लिहिलेली असते. लोकांच्या नजरेतल्या बंदीला मुदत नसते.

डिसेंबर २०२४ च्या पुणे अर्धमॅरेथॉनमध्ये महाराष्ट्राच्या एका तरुण धावपटूच्या नमुन्यात ऑक्सँड्रोलोन हे स्टेरॉइड सापडलं. चार वर्षांची बंदी. ती गोळी तिच्या हातात कोणी ठेवली, कुठल्या दुकानातून आली, हे शोधायला कोणी गेल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

*

पावसाळा सरला की पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, कोल्हापुरात दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते. तुमच्यापैकी कित्येक जण पैसे भरून नाव नोंदवतात. नोंदवताना संयोजकांना दोन गोष्टी विचारा. पहिल्या आलेल्या किती बायकांचे नमुने घेणार? आणि पहिली दोषी ठरली तर दुसरीच्या खात्यात पहिल्या बक्षिसाची रक्कम किती दिवसांत जमा करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा, आणि ते शर्यतीच्या माहितीपत्रकात छापायला लावा.